पुण्यात माणसं थंडीने जास्त जातात की उन्हाने?

प्रश्न असा आहे की, जगभर थंडीने होणारे मृत्यू उष्णतेच्या मृत्यूंपेक्षा कितीतरी पट जास्त आहेत असं सगळीकडे छापून येतं; मग थंडी जेमतेम दोन महिने टिकणाऱ्या पुण्यालाही ते लागू होतं का? आरोग्याच्या आकडेवारीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडा खरा आहे. तो बहुधा 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातून आलाय. 13 देशांतली 384 ठिकाणं आणि 7 कोटी 40 लाख मृत्यू तपासल्यावर, दर हजार मृत्यूंमागे साधारण 73 थंडीच्या नावावर लागले आणि उष्णतेच्या नावावर फक्त 4. त्या देशांत भारत नव्हता, पण खरी गोम तिथे नाहीच. गोम आहे थंडी कशाला धरली यात.

या अभ्यासांत प्रत्येक शहराचं रोजचं सरासरी तापमान आणि रोजचे मृत्यू शेजारी ठेवतात, आणि कुठल्या तापमानाला मृत्यू सर्वांत कमी होतात ते काढतात. त्याच्या खालचं सगळं थंडीत, वरचं सगळं उष्णतेत. उष्ण मुलखात हा बिंदू बराच वर असतो. पुण्यात दिवसरात्रीची सरासरी 30 अंशांच्या आसपास पोचते ती फक्त एप्रिल-मेमध्ये. म्हणजे बिंदू तिथे कुठे पडला, तर ऑगस्टमधला भुरभुर पावसाचा दिवसही हिशेबात 'थंड' ठरतो! आता आठवा, 2009 मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला तो ऑगस्टच्या सुरुवातीलाच. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यातही असतो, म्हणजे ते मृत्यूही थंडीच्या खात्यात पडू शकतात. ऋतूचा आणि साथीचा परिणाम वेगळा काढायची गणितं आहेत, पण ती कितीही नीट केली तरी हे वजाबाकीचं काम अवघडच. त्यामुळे एकूण बेरजेत थंडीचं पारडं जड दिसलं, तरी त्याचा अर्थ 'जानेवारीत गारठून माणसं गेली' असा घेऊ नका. कडाक्याच्या थंडीचा त्यात वाटा लहान असतो. बहुतेक मृत्यू सौम्य थंडीचे असतात, कारण तसे दिवसच वर्षात सर्वांत जास्त.

आपल्या देशापुरता अभ्यास 2018 साली आला, मिलियन डेथ स्टडी, म्हणजे देशभर घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं नोंदवणाऱ्या पाहणीच्या नोंदींवरून. 30 ते 69 वयोगटातही सौम्य थंडीच पुढे होती, आणि सर्वांत मोठा वाटा पक्षाघाताच्या मृत्यूंत.

पक्षाघातच का, ते कुठल्याही पेठेतल्या जुन्या घरात डिसेंबरात पाहायला मिळतं. सत्तरीचे आजोबा पहाटे पाचला उबदार रजईतून उठतात, अनवाणी शहाबादी फरशीवर पाय टाकतात आणि थेट मोरीत जातात. थंडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्तही थोडं दाट होतं. त्यात पहाटे रक्तदाब मुळातच चढणीवर असतो. पुढे कानटोपी घालून सारसबागेत फेऱ्या, तेही जमिनीलगत धूर आणि धूळ साचून राहिलेल्या हवेत. त्या दिवशी काही होत नाही. थंडीचा परिणाम दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणून झटका आला तर कुणी थंडीशी जोडत नाही. थंड देशांत घरं तापवलेली असतात, आपली नसतात. युरोपातही हिवाळ्यातली मृत्यूंची वाढ फिनलंडपेक्षा पोर्तुगालमध्ये जास्त आढळली होती, ती उगाच नव्हे. (ज्येष्ठांनी फिरायला सूर्य वर आल्यावर जावं, हे घरात सांगून पाहा. ऐकणार नाहीत.)

उष्णतेचं वागणं निराळं. ती त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत माणूस नेते, आणि एकगठ्ठा नेते. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 पर्यंत गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यातून धडा घेऊन 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. वर्षभराच्या सरासरीत अशी लाट कुठल्या कुठे विरून जाते, म्हणून 'हजारात 4' वाचून उष्णता किरकोळ आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

'पुणं कुठे एवढं तापतं' हेही अर्धवट. 1897 च्या एप्रिलअखेर इथे 43.3 अंशांची नोंद झालेली आहे. आणि पारा एकटा काही सांगत नाही. एप्रिल 2023 मध्ये खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात डझनाहून जास्त माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही. पुण्याची हवा कोरडी, रात्री गार, हा आपला मोठा आधार. पण पर्वतीच्या उतारावरच्या पत्र्याच्या खोलीत, मधुमेहाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला तो आधार मिळत नाही. पत्रा संध्याकाळनंतरही आत उष्णता सोडत राहतो, दाराबाहेर गल्ली असल्याने रात्री दार उघडं ठेवता येत नाही. ती गेली तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' येतं. उष्माघात म्हणून फारच थोडे नोंदले जातात.

शेवटी, शहरांचे मृत्युदर तुलना करताना एक खड्डा टाळा. आपल्याकडे मृत्यूची नोंद जिथे तो घडला तिथे होते. सातारा, नगर, सोलापूरकडचे पेशंट पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत येतात. गेले तर आकडा पुण्याच्या वहीत पडतो, पण ते माणूस पुण्याच्या लोकसंख्येत नसतं. असा दर फुगलेलाच येणार. महापालिकेकडे माहिती मागायची असेल तर महिन्याची बेरीज मागू नका. तारीखवार आणि वयोगटवार मागा, आणि मृत व्यक्ती कुठे राहत होती तेही मागा. मृत्यूच्या अहवालात, म्हणजे नमुना 2 मध्ये, तो रकाना असतो. मग शिवाजीनगर वेधशाळेचं रोजचं किमान तापमान त्याच्या शेजारी लावा, कमाल नंतर.