टॉरेंटवरून गाणी डाउनलोड केली तर नेटवाल्याला कळतं का, आणि तो घरमालकाला सांगू शकतो का?

कळतं. आणि सांगू शकतो का म्हणाल, तर माझ्या बाबतीत सांगून मोकळा झाला होता.

२०१२ साली मी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर राहायचो. नेट घरमालक काकांच्या नावावर, गल्लीतल्या केबलवाल्याचं. पैसे मात्र आम्ही तिघं पोरं भरायचो. एफयूपी, म्हणजे महिन्याचा फास्ट नेटचा कोटा, पंधरा तारखेलाच संपायला लागला, तेव्हा काकांनी केबलवाल्याच्या पोराला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी चक्क प्रिंटआउट घेऊन आला. कुठल्या मशीनवरून, किती वाजता, कुठली साइट. तेव्हा बहुतेक साइट एचटीटीपीएसवर (म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीवर) नव्हत्या, त्यामुळे साइटच्या नावावर भागलं नाही, अख्ख्या पानाचा पत्ता छापून आला.

गाणी मीच उतरवली होती, रात्रभर टॉरेंट लावून, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरवरून फाइलचे तुकडे घेत-देत. नाकारत नाही. पण त्याच कागदावर मी दुसरी खोली शोधतोय हेही होतं, आणि खरूज कशाने जाते याची चार पानंही. काका गाण्यांपेक्षा खोलीवर जास्त भडकले. काकूंनी जिन्यात, बाकीच्या पोरांसमोर विचारलं, "काय रे, खाज कमी आहे का आता?"

काकांनी पेपरातलं कात्रणही काढून ठेवलं होतं. कलकत्ता हायकोर्टाने गाण्यांच्या १०४ साइट बंद करायला लावल्या होत्या. "हे बघ. चोरी ती चोरी." मी म्हटलं, काका, कोर्टाने साइट बंद करायला सांगितल्यात, कोण काय वाचतं त्याची यादी करायला नाही. आणि तुमच्या गोदरेजच्या कपाटातल्या रेडिओवरून टेप केलेल्या मैफली, ज्यांच्या कॉप्या पार डेक्कनपर्यंत फिरतात, त्यांचं काय?

"ते संगीत आहे," काका म्हणाले.

तर तुमचा प्रश्न. केबलवाल्याला गाण्यांशी देणंघेणं नव्हतं, एका पोराने लाइन जाम केली की बाकीची गिऱ्हाइकं बोंबलतात, एवढंच. आपल्याकडे नेट कंपनीने आपणहून गाणीचोर शोधत बसायची सक्ती नाही. गिऱ्हाइकाने काय केलं त्याच्या जबाबदारीतून आयटी कायद्याचं कलम ७९ तिला वाचवतं, आणि काय हटवायचं ते कोर्ट किंवा सरकार सांगणार, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने पक्कं झालं. फ्रान्सने २००९ मध्ये हाडोपीचा (नेटवरची गाणी-सिनेमांची चोरी रोखायचा) कायदा करून उतरवणाऱ्या लोकांना ताकिदी धाडल्या, पण तिथेही कंपनी कोणाचं नेट वाचत नव्हती. गाण्या-सिनेमांच्या मालकांची माणसं टॉरेंटमध्ये शिरून आयपी, म्हणजे नेट कनेक्शनचा नंबर, टिपायची. टॉरेंटमध्ये तो सगळ्यांना दिसतोच. म्हणजे चोर पकडायला कोणाची खरूज वाचावी लागत नाही.

आपले गल्लीतले नेटवाले बऱ्याचदा एकाच आयपीवर कितीतरी घरं चालवतात, त्यामुळे नुसत्या आयपीवरून घर सापडत नाही. वेळ आणि पोर्टचा (त्या आयपीखाली प्रत्येक कनेक्शनला मिळणाऱ्या उपनंबरचा) लॉग, म्हणजे नोंद, लागतो. डिसेंबर २०२१ पासून लायसन्सच्या अटीप्रमाणे असे लॉग दोन वर्षं ठेवावे लागतात. ते सरकारी यंत्रणांसाठी, घरमालकासाठी नव्हे! हल्ली एचटीटीपीएसमुळे पान दिसत नाही, साइटचं नाव दिसतं. टॉरेंट चालू आहे हेही सहसा कळतं. फुकटच्या व्हीपीएनच्या (तुमचं नेट दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवरून वळवणाऱ्या सेवेच्या) नादी लागू नका, तो म्हणजे नुसता केबलवाला बदलणं.

माझं ऐकाल तर कनेक्शन स्वतःच्या नावावर घ्या. घरमालक "आमचं वायफाय आहे की" म्हणाला तरी घ्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी मुद्दाम काकांना फोन केला होता. काकूंनी उचलला. त्यांना नाव आठवेना, खरूज आठवली.

अर्थात तो निकाल मुख्यतः सरकारला बांधतो, केबलवाल्याला नाही, हे मला नंतर एका वकील मित्राने सांगितलं. आणि हो, टॉरेंटवर उतरवताना तुम्ही दुसऱ्यांना वाटतही असता. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. काकांनी काही कमी केलं नाही. डिपॉझिटमधून "नेटचा गैरवापर" म्हणून आठशे कापले, पावती न देता.