इन्सर्ट लवकर झिजतंय, स्पीड कमी करू की फीड?

रबाळे एमआयडीसीतल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये माइल्ड स्टीलच्या टर्निंगला (लेथवर फिरत्या जॉबवरून धातू कापायला) कार्बाइड इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकावरच्या बदलता येणाऱ्या कडक तुकड्याची, एक धार 15 मिनिटंच टिकते, म्हणून विचारलंत. पण आधी इन्सर्ट भिंगाखाली धरा.

बाजूला सरळ, चकचकीत पट्टा दिसला तर झीज नेहमीची आहे, तो 0.3 मिमी झाला की धार बदला. अशा वेळी स्पीडच (कापण्याचा वेग) कमी करायचा, फीड (जॉबच्या एका फेरीत टूल किती सरकतं) नाही. टूलच्या आयुष्यावर स्पीडचा परिणाम सगळ्यात जास्त, फीडचा त्याहून कमी. अमेरिकन इंजिनीअर फ्रेडरिक टेलरने 26 वर्षांच्या प्रयोगांनंतर 1907 मध्ये याचं सूत्रच दिलं. कार्बाइडसाठी त्याचा घातांक साधारण 0.25 धरतात, म्हणजे धारेचं आयुष्य स्पीडच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतं. त्यामुळे 200 वरून 160 मीटर प्रति मिनिटावर आलात, तर 15 मिनिटांची धार 36 मिनिटांपर्यंत जाते! 40 मिमी व्यासाला हे 1590 ऐवजी 1270 आरपीएम.

कटिंगचा वेळ 25 टक्के वाढेल, हे खरंच. पण धार बदलणं, मशीनमध्ये ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) घालणं, पहिला जॉब मोजणं यात किती मिनिटं जातात ते एक दिवस घड्याळ लावून लिहा. बहुतेक शॉपमध्ये हा आकडा कुणीच लिहिलेला नसतो, आणि निर्णय त्यावरच आहे.

धारेचा टवका उडालेला दिसला, तर दोष बहुधा स्पीडचा नाही. टूल किती बाहेर काढलंय आणि जॉब धरणाऱ्या चकची पकड बघा. धारेवर धातू चिकटलेला असेल, तर उलट स्पीड वाढवा.