ओस्तिया आणि ओर्व्हिएतो : दोन दिवस कसे वापरावेत?

प्रश्न : रोममध्ये मुक्काम आहे. प्राचीन अवशेष आणि डोंगरावरचं मध्ययुगीन गाव एकाच दिवसात होईल का?

उत्तर : एकाच दिवशी कोंबू नका, दोन्हींची चव जाईल. अवशेषांसाठी ओस्तिया अँटिका, म्हणजे प्राचीन रोमचं बंदराचं शहर, निवडा. सोमवारी बंद असतं. रोममधल्या पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लोकल मिळते. मुख्य रस्त्यावरचे बेसॉल्टचे दगड उंचसखल आहेत, पाय मुरगळतो; जाड तळव्याचे बूट हवेतच. सावली कमी, म्हणून सकाळीच पोहोचा. दियाना रस्त्यावरची प्राचीन खानावळ चुकवू नका : संगमरवरी ओटा, भिंतीवर रंगवलेले खाद्यपदार्थ. माणसं नुकतीच उठून गेलीत असं वाटतं!

दुसऱ्या दिवशी ओर्व्हिएतो, हेच डोंगरावरचं मध्ययुगीन गाव. रीजनल (प्रादेशिक) रेल्वेगाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून शिक्का मारा, नाहीतर दंड. स्थानकासमोरून फ्युनिक्युलर (दोरीने ओढली जाणारी, चढावरची रेल्वे) वर गावात नेते. तिथेच सान पात्रिझियोची विहीर आहे : ५३ मीटर खोल, २४८ पायऱ्या. पाणी आणायला उतरणारी आणि चढणारी खेचरं समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्वतंत्र चक्राकार जिने आहेत. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा.

मोटार भाड्याने घेतलीत तर ती वेशीबाहेरच लावा. जुन्या गावात परवानगीशिवाय शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस नंतर येते.