'क्वेरी सानुकूलन' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ओआरएम (कोडवरून डेटाबेससाठी क्वेऱ्या बनवणारं साधन) आपोआप बनवतो ती एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, आपल्या सोयीने बदलण्याला 'क्वेरी सानुकूलन' म्हटलं तर चालेल का? आणि अनेकवचन क्वेरीज की क्वेऱ्या?

'सानुकूलन' व्याकरणात बसतं, पण इथे ते कामाचं नाही. 'सानुकूल' मराठीला नवा नाही. दैव सानुकूल होतं, ग्रह सानुकूल असतात. मेनूतल्या 'सानुकूल करा'ने त्याला सेटिंगच्या कामाला जुंपलं. थीमचा रंग बदलायला ठीक आहे. क्वेरीच्या बाबतीत मात्र त्याच्या पोटात निरनिराळी कामं दडून जातात.

जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कचं उदाहरण घ्या. पुस्तकाचं मॉडेल (डेटाबेसच्या तक्त्याचं कोडमधलं रूप) आहे, लेखक त्याला फॉरेन कीने (दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्याने) जोडलेला आहे. 100 पुस्तकांची यादी काढली आणि लूपमध्ये प्रत्येकाच्या लेखकाचं नाव छापलं, तर डेटाबेसकडे 101 क्वेऱ्या जातात: एक यादीची, बाकी लेखकांच्या. यादी काढतानाच 'सिलेक्ट_रिलेटेड' लावलं की जॉइनसकट (दोन्ही तक्ते जोडून) एकच जाते. आता यात तयार क्वेरी बदलली कोणी? कोणीच नाही. तुम्ही फिल्टर, ऑर्डर_बाय, ओन्ली एकापुढे एक लावत असता तेव्हा डेटाबेसला याचा पत्ताही नसतो. या साखळीतून बनलेल्या क्वेरीसेटवर लूप फिरला, की मग क्वेरी सुटते. म्हणून मी इथे 'क्वेरी घडवणे' म्हणेन. ऑफिसात लोक 'जॉइन लावला', 'फिल्टर टाकला' म्हणतात, ते तर त्याहून चांगलं; नेमकं काय केलं ते कळतं.

हायबरनेट या जावाच्या ओआरएममध्ये आणखी एक तऱ्हा आहे. एंटिटीवर (तक्त्याशी जोडलेल्या क्लासवर) 'एसक्यूएल-रिस्ट्रिक्शन' हे अ‍ॅनोटेशन देऊन 'डिलीटेड = फॉल्स' अशी अट लिहिली, की ती त्या एंटिटीच्या क्वेऱ्यांच्या व्हेअरमध्ये (अटींच्या भागात) आपसूक जाऊन बसते. याला मराठीत आयता वाक्प्रचार आहे: पुस्ती जोडणे. 'सगळ्या क्वेऱ्यांना डिलीटेडची पुस्ती जोडली आहे' म्हटलं तर टीममधल्या नवख्यालाही समजेल. एसक्यूएल स्वतः लिहून नेटिव्ह क्वेरी चालवली तर ही पुस्ती लागत नाही आणि पुसलेल्या म्हणून समजलेल्या ओळी यादीत हजर होतात, हेही त्याला त्याच दमात सांगून टाकावं.

राहिली 'रॉ क्वेरी', म्हणजे ओआरएमकडून न बनवता स्वतः एसक्यूएलमध्ये लिहिलेली. तिचं 'कच्ची क्वेरी' मात्र करू नका. कच्चं म्हणजे अजून पक्कं व्हायचं आहे ते: कच्चा खर्डा, कच्ची पावती. रॉ क्वेरी तर शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत पुरी लिहिलेली असते. जँगोचं 'रॉ' तिच्या निकालातून मॉडेलच्याच वस्तू बनवून देतं, फक्त प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख पटवणारा रकाना) त्यात हवी, नाहीतर एरर येते. 'हाताने लिहिलेली क्वेरी' म्हणा, नाहीतर सरळ 'रॉ'च राहू द्या.

अनेकवचन: क्वेऱ्या. बॅटरी-बॅटऱ्या, फॅक्टरी-फॅक्टऱ्या आपण कधीच पचवल्या. 'क्वेरीज' बोलण्यात सर्रास येतं, पण त्याला मराठी विभक्ती लावून पाहा: 'क्वेरीजना', 'क्वेरीजमध्ये'. त्यापेक्षा 'क्वेऱ्यांना' आणि 'क्वेऱ्यांमध्ये' तोंडात सहज बसतं.