नाइट शिफ्ट करून आल्यावर दिवसा तीन-चार तासांतच जाग का येते?

शरीराच्या घड्याळामुळे. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की मेंदूला उजाडल्याचा निरोप जातो, झोप आणणारं मेलाटोनिन घटतं, अंगाचं तापमान चढू लागतं. मग कितीही दमलेले असलात तरी अकराच्या सुमारास टक्क जाग. त्यात कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याची हाळी!

भोसरीत मी बरीच वर्षं तीन पाळ्यांत काढली. मला खरा फरक पडला तो कंपनीच्या बसमध्येच काळा गॉगल लावल्याने (पोरं हसायची) आणि खिडकीला जाड गोधडी ठोकल्याने. पहाटे चारचा चहा सोडणं सगळ्यात जिवावर आलं, पण कॅफिनचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो.

दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर घड्याळ जुळेपर्यंत पुन्हा बदल येतो. निदान क्रम फर्स्ट, सेकंड, नाइट असा मागून घ्या. उलटा क्रम जास्त जड जातो. आणि नाइटवाल्याची साप्ताहिक सुट्टी कायद्याने पाळी संपल्यापासून सलग २४ तास धरतात. तुमच्याकडे तशी धरतात का, ते टाइम ऑफिसला विचारा.