सतरा वर्षांच्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये '46, एक्सवाय' आलंय. म्हणजे ती मुलगा आहे का?

नाही. तुमची बहीण कालपर्यंत जी होती तीच आजही आहे. हे आधी आईला जवळ बसवून सांगा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की तिची अंगाने वाढ नीट झाली, पण पाळी आली नाही, म्हणून नाशिकरोडच्या डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी सांगितली, आणि रिपोर्टमध्ये '46, एक्सवाय' आलं, म्हणजे एकूण 46 गुणसूत्रं, त्यात एक एक्स आणि एक वाय. रिपोर्ट आल्यापासून आई जेवत नाही, आणि आजी म्हणते, पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली त्याचं हे फळ.

मी नाशिकमधल्याच एका लॅबमध्ये नऊ वर्षं हे काम केलं. हिरव्या टोपणाच्या नळीतून रक्त येतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस 37 अंशांवर वाढवायच्या, कोल्चिसिन नावाचं रसायन घालून त्यांचं विभाजन मध्येच थांबवायचं, स्लाइड रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतली गुणसूत्रं मोजत बसायचं. वाय इतका लहान असतो की 21 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांच्या घोळक्यात नवख्याला तो पटकन सापडत नाही.

एकदा फॉर्मवर 'स्त्री, वय 16' लिहिलेलं आणि स्लाइडवर वाय. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सरांनी पुन्हा रक्त मागवलं. मुलगी आली. दोन वेण्या, मांडीवर भूगोलाचं पुस्तक. सुई टोचली तरी तिचे ओठ हलत होते, नद्या पाठ करत होती. दुसऱ्यांदाही तेच आलं. तेव्हापासून 'एक्सवाय म्हणजे मुलगा' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

शाळेत आपण जे शिकलो ते चूक नव्हतं, अर्धं होतं. गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी दोघांच्याही जननग्रंथी सारख्याच असतात. मग वायवरचं एसआरवाय नावाचं जनुक (1990 मध्ये सापडलं) जागं होतं आणि त्या ग्रंथींचे वृषण होतात. वृषण दोन निरोप धाडतात. एका संप्रेरकाने गर्भाशय तयार होणं थांबतं, दुसऱ्याने, म्हणजे टेस्टोस्टेरॉनने, शरीर मुलाच्या वळणाने घडतं. पण निरोप धाडला की काम झालं असं नाही, तो घेणाराही लागतो. टेस्टोस्टेरॉन ओळखणारा ग्राही पेशींमध्ये असतो, आणि गंमत बघा, त्याचं जनुक वायवर नाही, एक्सवर आहे! ते बिघडलेलं असेल तर टेस्टोस्टेरॉन कितीही असो, शरीराला ते कळतच नाही. शरीर मुलीचंच घडतं. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि छातीची वाढ होते. गर्भाशय मात्र नसतं, म्हणून पाळी नाही. याला अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी म्हणतात.

तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं, पण निदान डॉक्टरच करतील. दुसरी शक्यता स्वायर सिंड्रोमची. त्यात वृषण घडतच नाहीत, गर्भाशय असतं, पण छातीची वाढ सहसा आपोआप होत नाही. सोनोग्राफीत गर्भाशय आहे की नाही, यावरून बराच उलगडा होतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात. स्वायरमध्ये त्या अविकसित ग्रंथींत गाठ होण्याचा धोका बराच असतो, त्या लवकर काढतात. पूर्ण इन्सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे शरीराला टेस्टोस्टेरॉन अजिबात कळत नसेल तेव्हा, कमी वयात धोका कमी असतो, आणि त्याच ग्रंथींमुळे हाडांना लागणारं इस्ट्रोजेन मिळतं. म्हणून 'पुढच्या आठवड्यात काढून टाकू' असं कोणी म्हणालं तर थांबा, एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना, दाखवा. आणि बहिणीला सगळं सांगून, तिला विचारूनच ठरवा. सतरा वर्षांची आहे, तिचं शरीर आहे. घरात कुजबुज चालली की मुलांना खरं असतं त्यापेक्षा भयंकर काहीतरी वाटतं.

स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिलाही अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटीच होती. 1985 मध्ये गुणसूत्र चाचणीवरून तिला बाद केलं, पुढे पदकं-विक्रम हिरावले. टेस्टोस्टेरॉन तिच्या शरीराला वापरताच येत नाही, हे पटवून 1988 मध्ये ती परत आली. तीन वर्षं त्या मुलीने काय सोसलं असेल!

आता आजींचं. ग्रहण, विळी, भाजी, कशाचाही संबंध नाही. जनुकातला हा बदल बऱ्याचदा आईच्या एका एक्सवरून येतो, पण तिच्या दुसऱ्या एक्समुळे तिला स्वतःला त्याचा पत्ताही लागत नाही. काहींमध्ये तो नव्यानेच होतो. आईने काही केलं म्हणून नाही, आणि काही न करून टळलंही नसतं. आईकडून आलेला असेल आणि तुम्ही मुलगी असाल, तर तो तुमच्यातही असू शकतो, म्हणून लग्नानंतर मुलांचा विचार कराल तेव्हा जनुकीय समुपदेशकाला एकदा भेटा.

आईला एक विचारा: बहिणीला लहानपणी जांघेत हर्निया झाला होता का? अशा मुलींत तो पुष्कळदा असतो. ते आणि सोनोग्राफीत गर्भाशयाबद्दल काय लिहिलंय ते इथे लिहा, बहिणीचं नाव न देता. पुढचं त्यावरून सांगते.