आधी आवाज सारखा करा, मग बोलू

'ॲम्प्लिफायरचे किंवा स्पीकरचे छापील आकडे सारखे, मग आवाज वेगळा का?' हा प्रश्न या ना त्या रूपात येतच राहतो. म्हणून यावेळी त्या जातीची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : स्पीकरच्या खोक्यावर 5000 वॉट पीएमपीओ (म्हणे क्षणभराची कमाल ताकद) लिहिलंय. खरे किती?

उत्तर : ॲडॅप्टर उलटा करून वाचा. 12 व्होल्ट, 2 अँपिअर असेल तर आत 24 वॉट जातात. बाहेर त्याहून जास्त यायला ती द्रौपदीची थाळी नव्हे.

प्रश्न : नवी केबल 200 तास वाजवली की 'खुलते' म्हणतात.

उत्तर : 200 तासांत माल परत करायची मुदत संपते. केबल होती तशीच राहते.

प्रश्न : दोन ॲम्प्लिफायर ऐकले. दोघांचं डिस्टॉर्शन (मूळ आवाजात होणारी बिघाड-भेसळ) 0.01 टक्क्याच्या आत. तरी दुकानात दुसरा स्पष्ट 'मोकळा' वाटला. म्हणजे कानाला कळतं ते मीटरला कळत नाही, असंच ना?

उत्तर : नाही. आधी सांगा, दोघांचा आवाज सारखाच मोठा ठेवला होता का? नॉब एकाच खुणेवर आणणं म्हणजे सारखा करणं नव्हे.

असेच एक गृहस्थ दोन ॲम्प घेऊन माझ्याकडे आले होते. 100 हर्ट्झचा सूर लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला (साधा मल्टिमीटर वरच्या सुरांना चुकतो, म्हणून 100). दोन्ही नॉब बाराच्या काट्यावर. एकाचे 2.83 व्होल्ट, दुसऱ्याचे 3.10. फरक जेमतेम 0.8 डेसिबल. एवढ्याशा फरकाने कोणीच 'आवाज मोठा झाला' म्हणत नाही. लोक म्हणतात 'मोकळा', 'जिवंत', 'पडदा बाजूला झाला'. त्यातच आवाज लहान असला की कान बास आणि ट्रेबल कमी पकडतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 सालीच मोजून ठेवलंय. म्हणजे जो जरा मोठा, तोच भरलेला वाटणार. दुकानातला माणूस तुमच्याशी गप्पा मारता मारता महागड्या ॲम्पचा नॉब किंचित सरकवतो, ते उगाच नाही.

दुसरा नॉब केसभर मागे घेऊन 2.83 वर आणला, ॲम्पवर चादर टाकली आणि अदलाबदल त्यांच्या मुलीकडे सोपवली. सोळा वेळा विचारलं, नऊ वेळा बरोबर. छापा-काटा करूनही तेवढे येतात. गृहस्थांनी चहा घेतला आणि 'आज व्होल्टेज कमी असेल' म्हणाले.

आता दुसरी बाजू. खोक्यावरचा एक आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. तो बहुधा 1000 हर्ट्झला, 8 ओहमच्या रेझिस्टरवर घेतलेला असतो. तुमच्या स्पीकरचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) एखाद्या सुराला 3 ओहमवर उतरत असेल, तर तिथे ॲम्पला धाप लागू शकते आणि ती ऐकूही येते. पण तीही मोजता येते, कोणी मोजली तर. जोडी जमेल की नाही, हे पैसे देण्याआधी मोजणी करणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा. विक्रेत्याला नको.

प्रश्न : मग व्हॉल्व्हच्या (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा गोडवाही भ्रमच?

उत्तर : तो बऱ्याचदा खराच असतो. अशा अनेक ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा) एक-दोन ओहम किंवा जास्तही असतो. त्यामुळे स्पीकरचा इम्पिडन्स जसा वरखाली होतो तसा आवाजाचा आलेखही होतो. आवडतो तर खुशाल ऐका. फक्त झाकण उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. ते काम तंत्रज्ञाचं.

प्रश्न : डाव्या बाजूचा ट्रेबल सहा महिने दबलेला वाटतोय. दोन ॲम्प बदलून झाले.

उत्तर : सहा महिने! आजच स्पीकरकडे पाठ करून बसा. दबलेपणा उजव्या कानाकडे गेला तर दोष यंत्रात किंवा खोलीत. वायरी अदलून पुढचं शोधता येईल. डाव्याच कानाला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढा. एखाद्याला एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा; तिथे उशीर महागात पडतो. तुमच्या कानातून नुसता मळ निघाला तर उत्तमच. तोवर तिसरा ॲम्प घेऊ नका, आणि कानात काडीही घालू नका.